धामणीची अंडी, बडोदे: पेटीतल्या ओलीची नोंदवही (दिवस 1 ते 46)

मांजलपूर भागात पाया खोदताना मिळालेली 9 अंडी. वन विभागाला कळवून, त्यांच्या परवानगीनेच पेटीत ठेवली आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार धामण संरक्षित आहे, त्यामुळे ही पायरी कोणी गाळू नये. अंडी कधी घातली ते माहीत नसल्याने दिवस पेटीत ठेवल्यापासून मोजले आहेत.

दिवस 1

6 लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, झाकणाजवळ 3 मिलिमीटरची 6 भोकं, त्यांवर आतून मलमलीचा तुकडा. मलमल हवीच. अंड्याच्या वासावर येणाऱ्या बारीक माश्या याच भोकांतून शिरतात आणि त्यांच्या अळ्या चांगल्या अंड्यांनाही सोडत नाहीत.

खाली व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) 400 ग्रॅम, त्यात उकळून गार केलेलं पाणी 320 मिलिलिटर. म्हणजे वजनाने 1 ला 0.8. मिश्रण तासभर झाकून ठेवलं, मग मूठ आवळून पाहिली: गोळा होतो, पण बोटांतून थेंब निघत नाही. थेंब निघाला तर पाणी जास्त झालं. नर्सरीत कोकोपीट स्वस्त मिळतं, पण ते पाणी फार धरून ठेवतं आणि बुरशीही लवकर येते, म्हणून टाळलं.

अंडी अर्धी पुरली. वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण केली, मार्करने नाही. खोदताना सापडली तेव्हा जी बाजू वर होती तीच इथेही वर. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं की तो मरू शकतो. तीन अंडी एकमेकांना चिकटलेली आहेत, ती सोडवली नाहीत. टॉर्चच्या उजेडात 8 अंड्यांत लाल शिरा दिसल्या, एक नुसतंच पिवळं.

झाकणासकट डब्याचं वजन 1,448 ग्रॅम. या नोंदीतला सगळ्यात कामाचा आकडा हाच.

दिवस 6

वजन 1,409. पाच दिवसांत 39 ग्रॅम गेले आणि दोन अंड्यांना वरून खळगा पडला. आर्द्रतामापक मात्र 88 टक्के दाखवत होता!

मापक मिठाने तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने फक्त भिजेल इतकं ओलं करायचं आणि मापकासोबत हवाबंद डब्यात 12 तास ठेवायचं. आकडा 75 यायला हवा. आला 81. म्हणजे 88 हे प्रत्यक्षात 82 च्या आसपास. शिवाय स्वस्त मापक 90 च्या वर आणखीच भरकटतात. आणि अंडं पाणी घेतं ते मुख्यतः खालच्या ओल्या थरातून. थर सुकत असताना हवेचा आकडा बराच काळ चांगलाच दिसत राहतो. वजनकाटा असा फसत नाही: अंड्यांनी खालून शोषलेलं पाणी डब्यातच राहतं, म्हणून डब्याचं वजन जितकं घटलं तितकं पाणी बाहेर उडून गेलं, हा हिशोब पक्का.

पाणी का उडालं? बडोद्याचा मे महिना. बाहेर पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी. अंड्यांना 28 ते 30 अंश हवेत, म्हणून डबा थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी बर्फाची बाटली. गार बाटलीवर हवेतली वाफ जमते आणि खोक्यातली हवा आणखी कोरडी होते.

उपाय: बाटलीला जाड फडकं गुंडाळलं, खोक्यात (डब्याबाहेर) पाण्याची पसरट ताटली ठेवली, सहापैकी 4 भोकं चिकटपट्टीने बंद केली. 39 मिलिलिटर पाणी डब्याच्या कडेकडेने सोडलं. ते डब्याइतकंच कोमट असावं आणि अंड्यांवर थेंबही पडू नये.

दिवस 10

खळगे भरून आले. वजन 1,440, म्हणजे रोज साधारण 2 ग्रॅमची घट. इतकी चालते. 8 मिलिलिटर घातलं. पिवळं अंडं मऊ पडून वास मारू लागलं. ते सुटं होतं, काढून टाकलं आणि डब्याचं नवं मूळ वजन 1,424 धरलं. अंडं काढल्यावर हा बदल विसरलं तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

दिवस 18

1,410. 14 मिलिलिटर. बाकी काही नाही.

दिवस 31

पाऊस सुरू झाल्यावर सगळं उलटलं. आठवडाभरात घट जेमतेम 1 ग्रॅम, झाकणाच्या आतून थेंब लोंबकळलेले, एका अंड्यावर करडी बुरशी.

थेंब दिसले म्हणजे आत ओल पुरेशी आहे असं समजण्याची चूक सर्रास होते. 29 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफेचं पाणी व्हायला पृष्ठभाग साधारण 27 अंशांवर असला की पुरे. पावसाळी रात्री झाकण एवढं गार सहज होतं. ते थेंब अंड्यावर पडले की कवचाची छिद्रं पाण्याने बुजतात आणि गर्भाला हवा मिळत नाही.

ताटली काढली. सगळी भोकं उघडली. डबा एका बाजूने 2 सेंटिमीटर उचलून तिरका ठेवला, म्हणजे झाकणाचे थेंब ओघळून कडेला जातात. बर्फाची बाटली बंद. बुरशी कोरड्या कापसाच्या काडीने पुसली. जिवंत अंड्याला ती सहसा मारत नाही, म्हणून घाईने अंडं फेकू नये, आधी टॉर्च लावून पाहावं. याच्यात शिरा आणि हालचाल दोन्ही आहेत.

दिवस 39

थेंब गेले. झाकण आता आठवड्यातून दोनदा अर्धा मिनिट उघडतो. अंडी उबण्याच्या शेवटच्या एक-तृतीयांश काळात गर्भाला प्राणवायू जास्त लागतो.

दिवस 46

1,419, मुळापेक्षा 5 ग्रॅमने कमी. चार अंडी पुन्हा किंचित खचली आहेत, पण हे खचणं दिवस 6 सारखं नाही: थर ओला आहे, वजन जागेवर आहे आणि टॉर्चच्या उजेडात अंडं जवळपास पूर्ण काळोखं दिसतं. फुटायच्या आधी असं होतं, इथे पाणी घालायचं नाही. कवचाला चीर पडल्यावर पिल्लू एक-दोन दिवस नाक बाहेर काढून आतच बसतं आणि उरलेला बलक शोषून घेतं, तेव्हा त्याला ओढून काढायचं नाही. डब्यात ओल तेवढीच राखायची, नाहीतर कवच सुकून पिल्लाला चिकटतं.

पुढचं वजन परवा.