सीपीआर, टाउन हॉल आणि माणशी दोनशे रुपयांची गच्ची

कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटल, वरून बघायचं असेल तर आधी एक पक्कं लक्षात ठेवा: ब्रह्मपुरीच्या टेकडीवरून ते दिसत नाही. "टेकडीवर जा, अख्खा दवाखाना खाली दिसतो," असं आम्हाला चांगल्या चार माणसांनी सांगितलं होतं. सीपीआर चौकातून सोन्या मारुती चौक, पुढे तोरस्कर चौक करत भर उन्हात चालत गेलो. वर दाट घरवस्ती आहे. पंचगंगा दिसते, शिवाजी पूल दिसतो, पण गावाच्या बाजूला बघावं तर पत्रे, टाक्या आणि झाडं. टेकडीला जायचंच असेल तर तिच्यासाठी जा. 1945-46 च्या उत्खननात इथे सातवाहनकाळातलं गाव उजेडात आलं, आणि इथेच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी रोमन काशाची मूर्ती टाउन हॉलच्या म्युझियमची शान आहे. हॉस्पिटलच्या फोटोसाठी मात्र टेकडी बाद.

मग उरते गच्ची. चौकाजवळच्या एका उंच इमारतीच्या खाली आम्ही वर बघत उभे होतो, तेवढ्यात एक जण आला. "माणशी दोनशे द्या पावणं, वरनं सगळं गाव दिसतंय." पावती मागितली तर, "कसली पावती, बघून या की." लिफ्ट बंद. जिने चढायला कुणाची हरकत नसते, पण शेवटी पाण्याच्या टाकीवर जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी होती. मधली एक पायरी गायब, दुसरी हाताने हलत होती, वर धरायला कठडा नाही. टाकी गळत असल्यामुळे खालची फरशी शेवाळलेली. कॅमेऱ्याची बॅग पाठीवर घेऊन ही शिडी चढणं मला जमलं, उतरताना मात्र पाय थरथरले. अशा शिडीसाठी दोनशे घेणं ही शुद्ध लूट आहे. देऊ नका आणि चढूही नका.

खरी जागा दुसऱ्या दिवशी सापडली. दसरा चौकाच्या बाजूच्या एका साध्या लॉजची गच्ची, छातीएवढा कठडा, पैसे शून्य. खोली घेण्याआधीच विचारा: "गच्ची उघडी असते का?" हो म्हणाले तरच बॅग उतरवा.

आणि तिथून जे दिसलं त्यासाठी मी पुन्हा कोल्हापूरला जाईन. रस्त्यावरून चालताना टाउन हॉल वेगळा आणि दवाखाना वेगळा वाटतो, कारण मध्ये भाऊसिंगजी रोडची वाहनं असतात. वरून कळतं की ही जोडी आहे. दोन्ही ब्रिटिश वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँटची कामं. टाउन हॉल 1872 ते 76 मधला, दवाखाना त्यानंतरचा, तेव्हाचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल; छत्रपती प्रमिलाराजे हे नाव पुढे आलं. मँट 1881 मध्ये वारला, त्याचाच नवा राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला. काळ्या दगडाच्या टोकदार कमानी सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक सुटी दिसते, दुपारी सगळं काळं सपाट होतं. म्हणून सात ते साडेआठ, नंतर नाही. आवारात नंतरच्या इमारतींची दाटी झालीय, जुनं बांधकाम त्यातून शोधून काढावं लागतं. दुसरीकडे दसरा चौक, शाहू महाराजांचा पुतळा आणि त्यांच्या काळात उभी राहिलेली विद्यार्थ्यांची बोर्डिंगं. हवा स्वच्छ असेल तर लांब जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळाही.

हे चालतं हॉस्पिटल आहे, हे कृपा करून विसरू नका. कोकणातून, सीमाभागातून आलेले नातेवाईक व्हरांड्यात डब्याच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेले असतात. लेन्स कमानींवर ठेवा, माणसांवर नको. हॉस्पिटलच्या गच्चीवर जायची खटपट करू नका आणि परवानगी नसेल तर ड्रोन बॅगेतूनही काढू नका. दारासमोर गाडी लावू नका, अँब्युलन्स तिथूनच वळते.

अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा हे सगळं झालं, छान झालं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पावसाळ्यात येणार असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघून निघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं, आणि पूर आला की शिवाजी पुलाकडचा रस्ता बंद होतो. स्टँडवरून दसरा चौकापर्यंत रिक्षावाल्याने दीडशे सांगितले तर सरळ पुढे चालायला लागा. अंतर पायी जाण्याइतकंच आहे, आणि दहा पावलांवर दुसरा रिक्षावाला मीटर टाकतो.