सहकुटुंब हॉटेल, एकटीचा स्पा

गोव्यात राहणारी माणसे गोव्यातल्याच हॉटेलात मुक्कामाला सहसा जात नाहीत. फोंड्याहून निघून बोरीचा पूल ओलांडला आणि मडगाव मागे टाकले की वार्क्याचा किनारा फारसा दूर राहत नाही. संध्याकाळ समुद्रावर घालवून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येते. त्यामुळे तिथे पैसे मोजून झोपायला जाणे आमच्या घरी उधळपट्टीच्या खात्यात जमा होते. यंदा दिवाळीच्या सुटीत नणंद पुण्याहून सहकुटुंब आली, तिने दक्षिण गोव्यात सासष्टी तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सर्वांसाठी खोल्या घेतल्या आणि त्यात स्पाचीही सवलत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सासूबाईंनी लगेच आक्षेप नोंदवला. ''आत्ताच तर नरकचतुर्दशीला अंगाला तेल लागलं. आता पुन्हा पैसे देऊन कशाला?''

आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता. तेल आणि उटणे आपल्याकडे नवे नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला बाई येत असे, हे आमच्या पिढीनेही पाहिले आहे. तरीही मसाजसाठी दार उघडून आत जायला इथल्या बायका बिचकतात, आणि त्याचे कारण संकोचापेक्षा वेगळे आहे. कळंगुट-बागा परिसरात रस्त्याच्या कडेला लागलेले मसाजचे फलक आणि अधूनमधून वर्तमानपत्रात येणाऱ्या पोलीस छाप्यांच्या बातम्या वाचून वाचून इथल्या घरांत त्या व्यवसायाविषयी एक अढी बसलेली आहे. हॉटेलातला स्पा आणि तसली दुकाने यांचा काही संबंध नसतो, हे कळत असूनही ती अढी सुटायला वेळ लागतो. म्हणून आरक्षण करताना मी पहिला प्रश्न विचारला तो दराचा नव्हे, तर बायकांना मसाज बायकाच करतात ना, हा. समोरच्या मुलीने हा प्रश्न रोज ऐकत असल्यासारखे शांतपणे ''होय'' म्हटले, आणि आत अंग पूर्णवेळ चादरीने झाकलेले राहते, ज्या भागाला तेल लावायचे तेवढाच उघडा केला जातो, वापरून टाकून द्यायची अंतर्वस्त्रे तिथेच मिळतात, हेही न विचारता सांगितले. चांगल्या स्पाची माझ्या लेखी ही पहिली खूण.

या हॉटेलांची रचना ठाऊक असलेली बरी. वेळसावपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरहून अधिक लांबीची सलग वाळू आहे आणि तिच्या मागे कोलवा, बाणावली, वार्का, केळशी ही गावे एकामागून एक येतात. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली, त्यामुळे जाहिरातीत हॉटेल समुद्राला खेटून दिसले तरी प्रत्यक्षात मधे वाळूच्या टेकड्या, त्यांवर पसरलेली मर्यादवेल आणि सुरूची झाडे असतात. स्पा तर बहुधा त्याहूनही मागे, बागेच्या कोपऱ्यात असतो. लाटांचा आवाज ऐकत मसाज घ्यायचा, अशी नणंदेची कल्पना होती. प्रत्यक्षात आत बासरीची ध्वनिफीत वाजत होती आणि वातानुकूलन यंत्राची घरघर तिला साथ देत होती. मला त्याचे वाईट वाटले नाही. समुद्राचा आवाज बाहेर फुकट मिळतो.

सहकुटुंब येणाऱ्यांसाठी असलेल्या हॉटेलात सगळे काही मुलांच्या कलाने चालते. उथळ तलाव, घसरगुंडी, चित्रे रंगवण्याची खोली, जेवणाच्या दालनात बुटक्या मेजावर मांडलेला पास्ता. स्पा हा तिथला एकमेव भाग असा, जिथे मुलांना प्रवेश नसतो, आणि म्हणूनच तिथे जाण्याचा बेत हा घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न होऊन बसतो. तासभर मी आत, तर तासभर कुणीतरी बाहेर तलावाच्या काठावर डोळ्यांत तेल घालून बसायला हवे. मुलांच्या क्लबात सोडता येते हे खरे, पण तो दुपारी जेवणाच्या वेळी बंद होतो आणि अगदी लहान मुलांना पालकांशिवाय घेत नाही. आमच्याकडे हा तिढा नणंदेनेच सोडवला. तिने न्याहारीच्या मेजावरच आपल्या नवऱ्याला आणि माझ्या नवऱ्याला वेळा वाटून दिल्या, दोघांचेही फोन चार्ज आहेत की नाहीत ते पाहिले आणि मला सांगितले, ''वहिनी, तुझा फोन खोलीतच ठेव. कुणाला काही लागलं तर ते दोघं बघतील.'' स्पावाले दाराशी फोन बंद करायला सांगतातच. पण घरच्यांनी आधी सांगितले तर ते खरोखर घडते.

भाचीचा प्रश्न वेगळा होता. ती चौदा वर्षांची, तिला आईबरोबर आत यायचे होते. अशा ठिकाणी सोळा किंवा अठरा वर्षांखालील मुलांना पूर्ण मसाज देत नाहीत. इथे तिला फक्त डोक्याला आणि पावलांना तेल, तेही आई त्याच खोलीत बसलेली असताना, एवढेच मिळेल असे सांगण्यात आले. भाचीने तोंड फुगवले, पण मला हा नियम पटला. मायलेकींसाठी चॉकलेट फासण्याचे एक पॅकेजही फलकावर होते. त्यावर खर्च करण्यापेक्षा तेच चॉकलेट खाल्लेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत गेल्यावर आधी एक अर्ज भरून घेतात. रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया, त्वचेची ॲलर्जी, चालू असलेली औषधे. अनेक जण हा अर्ज न वाचताच सही करतात. वास्तविक तिथली सर्वांत उपयुक्त गोष्ट तोच कागद आहे, कारण त्यावरून पुढचे सगळे ठरते. सासूबाईंना, आक्षेप नोंदवूनही, आम्ही नेलेच होते. त्यांचा रक्तदाब चढा असतो, असे लिहिल्यावर तिथल्या वैद्यबाईंनी त्यांची नाडी आणि रक्तदाब दोन्ही पाहिले, वाफेच्या पेटीला सरळ नकार दिला आणि गुडघ्यांसाठी जानुबस्ती सुचवली.

ती मी शेजारी बसून पाहिली. उडदाच्या पिठाची घट्ट मळलेली कणीक घेऊन केरळच्या त्या बाईंनी तिची लांब वळी वळली, ती सासूबाईंच्या गुडघ्याभोवती गोल बसवली आणि ओल्या बोटांनी तिच्या कडा त्वचेला अशा चिकटवल्या की आतले तेल कुठूनही झिरपू नये. मग कोमट तेल कडेने हळूहळू आत सोडले. तेल निवू लागले की कापसाच्या बोळ्याने टिपून भांड्यात पिळायचे आणि पुन्हा ऊन तेल घालायचे, हे काम त्या अर्धा तास न बोलता करीत होत्या. प्रत्येक वेळी तेल घालण्यापूर्वी त्याचे दोन थेंब त्या आपल्या मनगटावर घेऊन पाहत. सासूबाई मान उंचावून हा प्रकार निरखत होत्या. ''वड्याचं पीठ गुडघ्यावर!'' असे त्या पहिल्यांदा म्हणाल्या ते हसून. पण थोड्या वेळाने त्यांनी उडीद किती वेळ भिजवले, की कोरडेच दळून आणले, याची चौकशी सुरू केली. कोरडेच दळलेले होते. वैद्यबाईंचे मला आवडले ते हे, की एका बैठकीने गुडघेदुखी जाणार नाही, हा उपचार काही दिवस सलग करावा लागतो, आज फक्त ऊब मिळेल आणि थोडे हलके वाटेल, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. पैसे देणाऱ्या पाहुण्याला असे सांगायला धीर लागतो.

मी स्वतः अभ्यंग घेतला. मला मसाज करणारी मुलगी मिझोरामची होती. गोव्यातल्या स्पांमध्ये ईशान्येकडच्या मुली मोठ्या संख्येने काम करतात आणि पुष्कळदा घरापासून इतक्या दूर आलेल्या असतात की वर्षातून एकदाच नाताळला, तेही रजा मिळाली तर, घरी जातात. हात-पायांवर लांब आणि सांध्यांवर गोल, अशी तिच्या हातांची गती होती. मधे एकदाच तिने दाब बरा आहे का, असे विचारले. या प्रश्नाला आपण हमखास ''ठीक आहे'' असे उत्तर देतो आणि उरलेला वेळ दात-ओठ खात पडून राहतो. मी ''खांद्यावर कमी, पाठीवर जास्त'' असे नेमके सांगितले आणि तिने तसे केले. शेवटी तिने डोक्याला तेल लावायचे का, असे विचारले. केस तेलकट होतात म्हणून बरेच पाहुणे नको म्हणतात. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने मात्र अभ्यंग नित्य करावा असे सांगताना डोके, कान आणि पावले यांना विशेष करून तेल लावावे, असे म्हटले आहे, तेव्हा डोके वगळून अभ्यंग घेणे मला काही पटेना. दोनदा धुवावे लागले तरी चालेल, असे सांगून मी मान सैल सोडली. त्यानंतरचे मला फारसे आठवत नाही, इतकी गाढ झोप लागली.

त्याच वाग्भटाने अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावा असेही सांगून ठेवले आहे, आणि हॉटेलच्या न्याहारीचा पसारा पाहता हा इशारा तिथल्या लिफ्टमध्ये लावायला हरकत नाही. इडली, ऑम्लेट, पॅनकेक आणि वर पुन्हा भाजी-पाव घेऊन तासाभरात पालथे झोपणे म्हणजे छळ आहे. खाणे आणि मसाज यांत निदान दोन तास जाऊ द्यावेत. समुद्र आणि उन्हाचा क्रमही असाच सांभाळावा लागतो. मुलांबरोबर सकाळभर उन्हात डुंबून रापलेल्या त्वचेवर कुणी मीठ-साखरेचे स्क्रब घासले तर डोळ्यांत पाणी येते. आणि तेल लावल्यावर लगेच तलावात उतरणे ना तुमच्या हिताचे, ना तलावाच्या. माझ्या मते सर्वांत सोयीची वेळ दुपारी तीनच्या सुमाराची. ऊन डोक्यावर असते, मुले दमून खोलीत गाणी-गोष्टी पाहत असतात, आणि बाहेर पडेपर्यंत वाळू निवू लागलेली असते.

नणंदेने मात्र हट्टाने सूर्यास्ताची वेळ घेतली होती. तीच वेळ सगळ्यांना हवी असते आणि म्हणून ती आधी संपते, असे तिला सांगण्यात आले होते. स्पाच्या खोलीला पडदे लावलेले, दिवे मंद, डोळ्यांवर पट्टी. गोव्याच्या किनाऱ्यावर कार्तिकातला सूर्यास्त चालू असताना आपण अंधारात पालथे झोपून लाकडी मेजाच्या भोकातून फरशीवरच्या परडीतली फुले बघायची, हा निव्वळ तोटा आहे. आम्ही बाकीचे सगळे तोवर जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांपाशी उभे राहून मुलांना लाटांच्या मागे-पुढे पळताना पाहत होतो. तिने स्वीडिश प्रकारचा मसाज घेतला. त्याचे नाव स्वीडनचे असले तरी त्यातल्या हातांच्या चाली १९ व्या शतकात मेझगर नावाच्या एका डच वैद्याने बसवून दिल्या, असे मानले जाते. नणंदेला हे सांगितल्यावर तिने पैसे नेदरलँड्सला पाठवू का, असे विचारले.

पैशांविषयीही थोडे सांगायला हवे. फलकावर लिहिलेल्या दरात बहुधा कर धरलेला नसतो, तो बिलात वाढतो, तेव्हा आरक्षण करतानाच करासह रक्कम विचारून घ्यावी. सेवाशुल्काचे तसे नाही. हॉटेलांनी ते बिलात परस्पर लावू नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेली आहे. आमच्या बिलात ते लावलेले दिसले, आम्ही काढून टाकायला सांगितले आणि कुरकुर न करता काढले गेले. ती रक्कम आम्ही केरळच्या त्या बाई आणि मिझोरामची ती मुलगी या दोघींच्या हातात दिली.

निघण्यापूर्वी वैद्यबाईंनी सासूबाईंना पावसाळ्यात यायला सुचवले. उन्हाळ्यात साठलेला वात पावसाळ्यात उसळतो, सांधे तेव्हाच जास्त बोलतात, आणि नेमके त्याच महिन्यांत पर्यटक कमी असल्याने हॉटेलचे दरही उतरलेले असतात. समुद्रात तेव्हा उतरता येत नाही, किनाऱ्यावर लाल झेंडे लागलेले असतात. पण सासूबाईंना एरवीही समुद्रात उतरायचे नसते. त्यांनी सलग बैठकांचा एकूण खर्च किती, फोंड्याहून रोज येऊन-जाऊन केले तर खोलीचे भाडे वाचेल का, आणि उडदाचे पीठ घरून आणले तर काही सूट मिळेल का, अशी तीन प्रश्नांची चौकशी केली. पहिल्या दोहोंची उत्तरे वैद्यबाईंनी कागदावर लिहून दिली.