अण्णांची खाज आणि बांधावरचं काँग्रेस गवत

सगळ्यात आधी वांगं बंद झालं. मग आंबट, मग अंडी, मग शेंगदाणे, आणि शेवटी तर आईने हरभऱ्याची डाळ पण घरातून हद्दपार केली. अण्णांच्या मानेवर, पापण्यांवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला जी खाज सुटायची ना, ती काय केल्या थांबेना. कातडी जाड, काळपट, हत्तीच्या कातडीसारखी झालेली. गावात कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे रक्त खराब. मेडिकलवाल्याकडून आणलेली ट्यूब लावली की आठ दिवस बरं, सोडली की दुप्पट. अशी चार वर्षं.

मधे मी पण एक शहाणपणा केला, एका लॅबमधून रक्ताची मोठ्ठी अ‍ॅलर्जी टेस्ट करून घेतली. काही हजार गेले आणि हातात आली एक लांबलचक यादी, त्यात मसूर, पपई, झुरळ, काय नाही ते. आई ती यादी फ्रिजवर चिकटवून त्याप्रमाणे स्वयंपाक करायला लागली, आणि अण्णा तसेच खाजवत बसलेले.

शेवटी पुण्यात एका स्किनच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी यादीकडे नीट बघितलंही नाही. अण्णांची हनुवटी वर करून खालची बाजू बघितली, कान पुढे दुमडून मागे बघितलं आणि विचारलं, "काका, शेती आहे का? बांधावर काँग्रेस आहे?" मी म्हटलं हे काय राजकारण! तर म्हणे, नुसतं उन्हाने होतं तेव्हा हनुवटीखाली आणि कानामागे बहुतेक वेळा काही होत नाही, कारण तिथे ऊन पोचत नाही. इथे मात्र दोन्हीकडे आहे, म्हणजे हवेतून काहीतरी उडून बसतंय.

काँग्रेस म्हणजे गाजर गवत हो, पार्थेनियम. 1956 साली आर. एस. राव यांनी पुण्यात त्याची नोंद केली, अमेरिकेच्या गव्हाबरोबर बी आलं असं सगळेच सांगतात. आणि ह्या गवताने माणसाच्या कातडीचं काय होतं हे जगाला दाखवण्यात पुण्याचेच डॉ. लोणकर पुढे होते, 1974 मध्ये परदेशातल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांबरोबर त्यांचा पेपर आला होता. म्हणजे आमच्या दारातला रोग, आमच्याच भागातल्या डॉक्टरने जगाला दाखवलेला, आणि आम्ही चार वर्षं वांग्याच्या मागे!

मग पॅच टेस्ट. ही 1895 पासूनची पद्धत आहे, याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरची, आणि अजून हिला तोड नाही. पाठीवर छोट्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्या चिकटपट्टीने लावल्या, प्रत्येकीत एक एक पदार्थ, निकेल, सुगंध, रबरातली केमिकल्स आणि गाजर गवताचा अर्क. मार्करने नंबर टाकले. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही, आणि तेही एप्रिलमध्ये! अण्णा पंख्याखाली पालथे पडून शिव्या घालत होते. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, नंतर चौथ्या दिवशी परत बघितलं, तर बाकी सगळी पाठ साफ आणि एकाच चौकोनात लाल सुजलेला गोल, वर बारीक बारीक पाण्याचे फोड. मी फोटो काढून अण्णांना दाखवला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

रक्ताच्या टेस्टचं विचारलं तर बाई म्हणाल्या, ती रक्तातलं आयजीई नावाचं अ‍ॅलर्जीचं प्रथिन शोधते, शिंका, दमा, अंगावर पित्त उठणं याच्यासाठी. काकांचं काम टी पेशींचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं आहे, त्या दोन दिवसांनी जाग्या होतात, रक्तात त्याचा पत्ता कुठून लागणार. एवढं एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर! माझं तर मत आहे की नुसती खाज असेल तर ह्या शंभर-दीडशे पदार्थांच्या याद्यांच्या नादी लागूच नये, आधी स्किनवाल्याला दाखवावं.

उपचाराला मलमं होतीच, पण फार जुनाट म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू केलं. स्टेरॉइड कमी करायला ही गोळी गाजर गवताच्या रोग्यांना चालते हे दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलंय. पेशी आणि लिव्हर तपासायला रक्त सारखं द्यावं लागतं, त्याची कटकट आहे, पण दोन-अडीच महिन्यांत मान मऊ झाली.

खरी पंचाईत गवताची. अण्णा इतकी वर्षं ते हातानेच उपटायचे आणि वाळवून पेटवायचे, आणि वाळलेल्या गवताची धूळसुद्धा तेवढीच वाईट. आता गडी उपटतो, हातमोजे घालून, फुलं यायच्या आधी, कारण एका झाडाला हजारो बिया. शेवंती पण त्याच कुळातली, म्हणून देवाला आता जास्वंद. मेक्सिकोचा झायगोग्रामा भुंगा सोडून बघायचाय ह्या पावसाळ्यात, 1984 च्या सुमारास बेंगळुरूला आणला होता तो, गवताची पानं चांगली कुरतडतो म्हणे. आमचा बांध साफ झालाय, पण पलीकडचं रान पडीक आहे, तिथे कमरेएवढं माजलंय, मालक मुंबईला. त्याला फोन केला तर म्हणाला, दिवाळीत येतो तेव्हा बघू.