फिटोनियाने मान टाकली की आधी माती तपासा

गडद हिरव्या पानावर पांढऱ्या, गुलाबी किंवा लाल शिरांची जाळी असलेलं फिटोनिया हौसेने आणलं जातं आणि बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच जातं. हे रोप मूळचं पेरू आणि आसपासच्या वर्षावनांतलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत, दमट हवेत जमिनीलगत पसरतं. मुळं बारीक आणि उथळ असल्यामुळे वरची माती सुकली की पानं लगेच लुळी पडतात. वेळेत पाणी मिळालं तर काही तासांत पुन्हा उभी राहतात.

गोची इथेच आहे. मुळं कुजली तरी रोप अगदी तशीच मान टाकतं, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. माती ओली आणि पानं तहानलेली! त्यात आणखी पाणी ओतलं की उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून आधी बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघा. माती कोरडी आणि कुंडी हलकी लागली तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. माती ओली असेल तर रोप कुंडीबाहेर काढा. चांगलं मूळ फिकट आणि घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी होतं, त्याला कुबट वास येतो आणि चिमटीत धरून ओढलं की साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि रोप नव्या मिश्रणात, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत माती जास्त दिवस ओली राहते.

निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर रोपाच्या मागे न लागता शेंडे वाचवा. 6 ते 8 सेंमीचा टवटवीत शेंडा पेराच्या (दांड्यावर पान फुटतं त्या सांध्याच्या) जरा खाली कापा, खालची पानं काढा आणि उघडं पेर ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) दाबा. वर पारदर्शक डबा पालथा घाला, रोज थोडा वेळ उघडा. मुळं फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

मिश्रण दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे), एक भाग चाळलेलं गांडूळखत. उथळ, रुंद आणि तळाला भोकं असलेली कुंडी उत्तम. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा विद्राव्य खत पाकिटावरच्या निम्म्या प्रमाणात पुरे.

उजेड भरपूर हवा, पण ऊन थेट नको. उन्हाने पान करपून कागदासारखं होतं. अंधाऱ्या कोपऱ्यात दोन पेरांतलं अंतर वाढतं, दांडे लांबतात आणि शिरांचा रंग फिका पडतो. लांबलेले शेंडे बिनधास्त खुडा, खालून फुटवे येतात. तापमान 15 अंशांखाली जाऊ देऊ नका.

पानांवर पाणी फवारण्यावर फार भिस्त ठेवू नका. तो ओलावा थोड्याच वेळात उडतो, पानं सतत भिजलेली राहिली तर डाग पडतात. कुंड्या एकत्र ठेवणं किंवा काचेच्या बरणीत लावणं जास्त उपयोगी. बंद बरणीला निचरा नसतो, तिथे पाणी चमच्याने मोजून द्या.

मरांटा आणि कॅलेथिया या शोभेच्या पानांच्या रोपांनाही दमट हवाच लागते, पण पाण्यातल्या क्षारांचा त्रास त्यांना जास्त होतो. पानांची टोकं तपकिरी होऊ लागली तर पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतो, क्षार तसेच राहतात. कोरड्या हवेत कॅलेथियावर लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीडही येते. पान निस्तेज दिसलं, बारीक ठिपके आले की मागची बाजू बघा. शिरांलगत बारीक जाळी दिसली तर ते रोप लगेच वेगळं करा, पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करा. अंड्यांतून नवे कोळी निघतात, त्यामुळे दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा फवारा, निदान तीन वेळा तरी.