एकटीने खायचं सोलापूर

एकटी बाई हॉटेलात शिरली की गल्ल्यावरचा माणूस आधी तिच्या मागे बघतो. मागून कोणी येतंय का. कोणी नाही असं दिसलं की विचारतो, "पार्सल का?" हे रत्नागिरीत आहे, पुण्यात जरा कमी आहे, आणि सोलापुरात आल्या आल्या मला तेच भेटलं. बसायचंय म्हटलं तर पडद्याच्या 'फॅमिली'त नेऊन बसवतात. तिथे पंखा नसतो, आणि ऑर्डर घ्यायला कोणी आलं नाही तर पडद्यातून मान बाहेर काढून हाक मारावी लागते. म्हणून हॉटेल चांगलं की वाईट हे ठरवायची माझी फूटपट्टी वेगळी आहे. चवीचं नंतर बघू. आधी हे, की उगीच मोबाइलमध्ये डोकं न खुपसता तिथे मला एकटीला पोटभर जेवता येतं का.

मी लॅब टेक्निशियन. एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये असते, बहुतेक रात्रपाळीला. खोली अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात. हा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा भाग. सोलापुरी चादर आणि टॉवेल ज्या यंत्रमागांवर निघतात त्यांतले कितीतरी इथल्या गल्ल्यांत आहेत, बाकीचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. खोली बघत होते तेव्हा लॅबमधल्या एकाने सांगितलं होतं, "तिकडं नका राहू मॅडम, दिवसरात्र खटखट असते." खटखट असतेच. पण रात्रभर माग चालतात म्हणजे पाळी सुटणारी माणसं असतात, आणि पाळी सुटणाऱ्या माणसांना भूक असते. त्यामुळे बाकीचं सोलापूर कूस बदलत असतं तेव्हा आमच्याकडे इडलीची वाफ निघालेली असते.

माझी गाडी कन्ना चौकाकडून येणाऱ्या रस्त्यावर लागते. गाडी म्हणजे हातगाडी. नवरा वडे तळतो, बायको इडलीपात्र सांभाळते, आणि एक पोरगा चटणीची स्टीलची बादली घेऊन फिरत असतो. ताटली तुमच्या हातात येते तेव्हा तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून बसवलेला असतो. खाऊन झालं की कागद डब्यात, ताटली परत ढिगावर. पहिल्यांदा मला हे बघून कसंतरी झालं होतं. मग घरी नळाला पाणी यायची वाट बघायला लागले आणि कळलं. उजनी धरणावरून येणारं पाणी इथे रोज येत नाही, मधले दिवस भरून ठेवलेल्यावर काढायचे असतात. अशा गावात रस्त्यावरच्या गाडीने शंभर ताटल्या धुवाव्यात कशा? (प्लॅस्टिक वाईटच. पण तो धडा मी त्या बाईला शिकवणार नाही.)

इडली मऊ असते, पण कौतुक चटणीचं. पातळ, फुटाण्याच्या डाळीची, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. इडली तिच्यात बुडायलाच हवी, म्हणून पोरगा ताटली अर्धी रिकामी दिसली की न विचारता डाव ओततो. शिवाय एक लाल चटणी असते, ती मागावी लागते. मी सुरुवातीला मागत नसे. तेव्हा शेजारी कट्ट्यावर बसलेली एक बाई म्हणाली, "लाल घ्या की ओ अक्का, नुसती पांढरी काय खायलात?"

ती विडी कामगार. या भागातल्या हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, सुपात घेऊन वळायची, बंडलं बांधून परत कारखान्यात द्यायची. दर हजारावर ठरलेला असतो, आणि तपासताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वळणारीच्या हिशोबातून जातात. तर या बायका विड्या द्यायला निघतात तेव्हा वाटेत गाडीवर थांबतात. पिशवी मांडीत, ताटली हातात, बोलणं तेलुगूत आणि मधेच मराठीत, त्यातलं निम्मं कारखान्यातल्या तपासणाऱ्याच्या नावाने. कोणी त्यांच्याकडे बघत नाही, त्याही कोणाकडे बघत नाहीत. भूक लागलीय, खाल्लं, निघाले. रात्रभर सिरिंज आणि स्लाइड हाताळून आलेली मी त्यांच्यात बसले तर त्यात कोणाला काय वाटणार? माझ्या फूटपट्टीवर ही गाडी सगळ्यात वर आहे, आणि तिथे तर छप्परसुद्धा नाही.

दुपारचं सोलापूर सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला जातो. मी झोपलेली असते, बाकीचेही शहाणे असतात.

सावजीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज, लोक त्यांना सावजी म्हणतात, हेही मूळचे विणकरच. त्यांच्या मटणाचा काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा लालभडक तवंग, बरोबर ज्वारीची भाकरी, हे कोकणातून आलेल्या माणसालासुद्धा दोन घासांत पटतं. नारळाशिवाय मटण होऊ शकतं हे मी इथे मान्य केलं. पण संध्याकाळनंतर यातल्या बऱ्याच ठिकाणी टेबलाखाली बाटल्या उभ्या राहतात आणि बाईने तिथे बसायचा प्रश्न मिटतो. मग पार्सल. रस्सा पिशवीत, पिशवीला दोऱ्याची गाठ, भाकरी वर्तमानपत्रात. घरी पोचेपर्यंत भाकरी वाफेने ओली झालेली. सावजी पार्सल नेऊन खाणं मला पटत नाही. तो रस्सा पळीतून थेट ताटात पडला पाहिजे आणि नाक वाहिलं पाहिजे. आता दवाखान्यातल्या तिघी सिस्टर आणि मी पाळी जुळवून दुपारी बाराच्या ठोक्याला जातो. तेव्हा सगळे खरोखर जेवायला आलेले असतात आणि रस्सा पहिल्या धारेचा असतो.

बाळीवेशीच्या बाजूला एक खानावळ आहे, शाकाहारी, लिंगायत कुटुंबाची. घराच्याच पुढच्या खोलीत चार बाकं. पाटीवर नाव आहे, पण ते घेताना मी कोणाला ऐकलेलं नाही, सगळे 'आजींकडं' म्हणतात. भाकरी, दाळ, एक पालेभाजी, दही, कांदा, शेंगाचटणी. भाकरी नरम हवी की कडक असं विचारतात. कडक म्हणजे पातळ थापून मंद आचेवर पार वाळवलेली, आठवडे टिकणारी. ती मोडताना आवाज होतो आणि कपडे भुग्याने भरतात. मंगळवेढ्याची ज्वारी इथून जवळ. मालदांडी म्हणतात ती. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आजींना मानांकनाशी देणंघेणं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पीठ जुनं झालं की भाकरीला चिरा पडतात, मग ज्वारी मंगळवेढ्याची असो नाहीतर कुठली.

शेंगाचटणी त्या स्वतः कुटतात. एकदा जेवणं आटोपल्यावर मी आत जाऊन बघितलं. शेंगदाणे खमंग भाजून, सालं पाखडून घेतलेले. लसूण सालासकट. तिखट, मीठ, जिरं. दगडी उखळ जमिनीत पुरलेलं, मुसळ जड. आधी दाण्यांचा नुसता भरडा होतो, कोरडा, उडणारा. आजी थांबत नाहीत. हळूहळू मुसळाचा आवाज बदलतो, ठक्‌-ठक्‌चा धप्‌-धप्‌ होतो, कारण दाण्याचं तेल सुटून सगळं एकमेकांना धरायला लागलेलं असतं. मग मुठीत दाबून बघायचं. गोळा झाला आणि बोटांना तेल लागलं की झाली. मिक्सरमध्ये पातं तापतं आणि एकतर भुकटी होते नाहीतर लगदा. गावाबाहेर पुणे रोडला लांबोटीला थांबून लोक चटणीची पाकिटं घेतात, मीही रत्नागिरीला जाताना नेते, वाईट नसतात. पण दह्यात कालवायची तर आजींचीच.

आजींकडे मी कधीही गेले तरी पहिला प्रश्न ठरलेला, "रात्रपाळी का दिवसपाळी?" दिवसपाळी म्हटलं तर एक भाकरी वाढते, रात्रपाळी म्हटलं तर दही. झोप चांगली लागते म्हणे.

सोलापूरचं खाणं म्हटलं की सगळे पार्क चौपाटीला पाठवतात. जाऊन या. गर्दी आहे, दिवे आहेत, बायकापोरं निवांत बसलेली असतात, माझ्या फूटपट्टीला अगदी पास. पण पावभाजी, चायनीज नि सँडविच खायला सोलापूर कशाला पाहिजे? त्यापेक्षा रमजानमध्ये विजापूर वेशीत संध्याकाळनंतर चक्कर मारा. रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि निम्म्या बायका असतात, बांगड्या, कपडे, शेवया घेत. तिथला दालचा म्हणजे डाळ, दुधी आणि मटणाची हाडं एकत्र शिजवून केलेला आंबटसर प्रकार, भातावर घ्यायचा. मी भातखाऊ आहे. या भाकरीच्या मुलखात तो भात बघून मला जवळजवळ रडू आलं.

जानेवारीत तर इथे वेळेचं गणितच बदलतं. १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार पडतात. स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, यांना १९३१ साली याच तारखेला फाशी दिली गेली. त्याच दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वजांची म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा, आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरतो. पाळणे, भांडी, भजी, चिवडा. गड्ड्यावर एकटीने भजी खात उभं राहिलं तरी तुम्ही एकट्या आहात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, इतकी रेटारेटी असते. भोगीच्या दिवशी घरमालकीण अक्का तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणून देते. तिच्या घरात हे सगळं तेलुगूत चालतं, भाकरी तीच.

या जानेवारीला धाकटी बहीण येतेय. तिला हुरडा खायला घालायचाय, सिस्टर लोकांपैकी एकीचं शेत मोहोळकडे आहे. पहाटेची इडलीची गाडी, आजी, गड्डा, सगळं ठरलंय. तिचा फोनवर एकच प्रश्न होता, मासे मिळतात का? उजनीचे मिळतात म्हटलं, गोड्या पाण्यातले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, सुके बांगडे घेऊन येते. बांगडे भाजायचे तर वास सगळ्या वाड्यात जाणार, म्हणून अक्काला आधीच विचारून ठेवलं. ती म्हणाली, भाजा की, पण मग दोन माझ्याकडं पण पाठवायचे.