तुम्ही विचारलंत म्हणून: पास्त्यात मसाला कोणता घालता?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जेवून गेलेली मंडळी आणि सुट्टीत सांगलीला गेले की भेटणाऱ्या नात्यातल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात: "तुमच्यासारखा पास्ता आमच्याकडे होत नाही, तुम्ही नेमका मसाला कोणता घालता?" विचारणाऱ्यांच्या घरी ऑरेगॅनोच्या पुड्या असतात, चिलीफ्लेक्स असतात, पास्त्यासाठी म्हणून मिळणारे मसाल्याचे पाकीटही असते, आणि तरीही ताटात येतो तो पास्ता एक तर कोरडा आणि चिकट असतो, नाही तर टोमॅटोच्या रश्शात बुडालेला असतो. मसाला कोणताच घालत नाही, असे मी दर वेळी खरे तेच सांगते, पण ऐकणारीला वाटते की मी काही तरी हातचे राखून ठेवते आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

चव त्या पाण्यात असते ज्यात पास्ता उकळला, आणि आपण नेमके तेच पाणी चाळणीतून मोरीत ओतून देतो. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने वाळवलेल्या पास्त्यासाठी हाच गहू ठरवून दिला आहे. हा गहू आपल्याला परका नाही. शेवयांसाठी आपल्या आज्या ज्या बन्सी गव्हाचा आग्रह धरत असत, तो याच जातीचा. कुरडयांसाठी गव्हाचा चीक ज्यांनी घाटला आहे, त्यांना गव्हाचे सत्त्व काय करू शकते हे वेगळे सांगायला नको. पास्ता शिजताना त्याच सत्त्वाचा थोडा अंश पाण्यात उतरतो, पाणी गढूळ होते, आणि हे गढूळ पाणी तेलाबरोबर हलवले की दोन्ही एकमेकांना धरून राहतात. पास्त्यावर जो दाटसर, चकचकीत लेप बसलेला दिसतो तो क्रीमचा नसतो आणि कॉर्नफ्लॉवरचाही नसतो. तो या पाण्याचा असतो.

पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण इटालियन लोक १, १० आणि १०० असे लक्षात ठेवतात: १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम पास्ता. मी पाणी जरा कमी घेते, चार माणसांच्या ४०० ग्रॅम पास्त्याला ३ लिटर, म्हणजे सत्त्व अधिक दाट उतरते. मीठ २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. हे मीठ ऐकून आपल्याकडे बायका दचकतात, परंतु त्यातले बहुतेक पाण्यातच राहते, आणि ज्या पास्त्याला शिजताना मीठ मिळाले नाही त्याला वरून कितीही मीठ भुरभुरले तरी तो आतून अळणीच लागतो.

हे सगळे मी शिकले ते शेजारच्या आजींकडून. त्यांचे आईवडील दक्षिण इटलीतल्या नेपल्सच्या बाजूचे, त्या स्वतः जन्मल्या न्यू जर्सीतच; आमची मुले त्यांना नोना म्हणत, म्हणजे इटालियनमध्ये आजी. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा लसणाची स्पॅगेटी करायला उभी राहिले तेव्हा सवयीने तेल चांगले कडकडीत तापवले आणि त्यात ठेचलेला लसूण टाकला. टाकताक्षणी तो तांबूस झाला आणि घरभर आपल्या फोडणीचा वास सुटला. नोना काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते भांडे उचलून बाजूला ठेवले, दुसरा पसरट तवा घेतला, त्यात गार तेल ओतले, गार तेलातच लसणाचे पातळ काप सोडले आणि मग गॅस लावला, तोही अगदी बारीक. नंतर माझा हात धरून तवा तिरका करायला लावला, म्हणजे तेल एका कडेला गोळा होते आणि काप त्यात पूर्ण बुडून राहतात. दोन-तीन मिनिटांनी कापांच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले, मग कापांचा पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक झाले, आणि कडा जेमतेम बदामी दिसू लागल्या तोच नोनांनी शेजारच्या पातेल्यातल्या पास्त्याच्या पाण्याचा एक डाव त्यात ओतला. लसणाचे भाजणे तिथल्या तिथे थांबले.

आपल्या फोडणीत आणि या लसणात हाच फरक आहे, आणि माझ्या मते आपल्या घरच्या इटालियन जेवणाचे गणित पहिल्यांदा चुकते ते इथेच. फोडणी क्षणाची असते. तिच्यात मोहरी तडतडायला हवी, लसूण खमंग व्हायला हवा, कारण ती पुढे वरणाच्या किंवा भाजीच्या मोठ्या पातेल्यात पडून सगळ्याला चव देणार असते. इथे पुढे काही नाही. तेल हाच पदार्थाचा सगळा रस आहे, आणि लसूण करपला तर तो कडूपणा झाकायला मसाला नसतो. म्हणून तो पाच-सहा मिनिटे गोडसर होत राहू द्यायचा असतो.

नेपल्सकडच्या या पदार्थाला आल्यो ए ओल्यो म्हणतात, लसूण आणि तेल, एवढेच. चार माणसांसाठी ४०० ग्रॅम स्पॅगेटी, सहा मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल, इथल्या मोठ्या लसणाच्या पाच पाकळ्या, एक सुकी लाल मिरची आणि मूठभर बारीक चिरलेली पार्सली. आपल्याकडचा गावरान लसूण बारीक पण तिखट असतो, तेव्हा तो आठ-दहा पाकळ्यांपलीकडे नेऊ नये. स्पॅगेटी पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी, आत अजून किंचित कच्ची असतानाच, चिमट्याने उचलून थेट लसणाच्या तव्यात घालावी, वाटीभर पाणी ओतावे, आच मोठी करावी आणि दोन मिनिटे सतत हलवत राहावे. शेवटची कसर तव्यात भरून निघते आणि तेवढ्यात पाणी आटून लेप तयार होतो. तवा हलवल्यावर तळाशी पाणी वेगळे दिसत असेल तर आणखी अर्धे मिनिट थांबावे. कोरडे दिसत असेल तर आणखी एक डाव पाणी घालावे. पार्सली नसली तर कोथिंबीर घालू नये, तिची चव पदार्थाचा ताबा घेते; त्यापेक्षा हिरवे काहीच नको.

आणि एक विनंती. शिजलेला पास्ता नळाखाली धरू नये आणि त्याला तेलाचा हात लावून ठेवू नये. मीही पहिली काही वर्षे तेच करत होते, कारण पाकिटावरच्या सूचनेपेक्षा मोकळ्या भाताची सवय हाताला जास्त होती. त्याने पास्ता मोकळा होतो हे खरे, पण अंगावरचे सत्त्व धुऊन जाते, आणि वर तेल बसले की सॉस त्यावरून घसरून ताटाच्या तळाशी जातो.

सॉसचा विषय निघाला की लोक म्हणतात, हॉटेलात तर भरपूर सॉस असतो, मग खरे कोणते? दोन्ही खरे आहेत, फक्त घरे वेगळी आहेत. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत आली आणि त्यांतली बहुसंख्य दक्षिणेकडची, नेपल्स, कालाब्रिया, सिसिली या भागांतली, गरीब शेतमजूर कुटुंबांतली होती. गावाकडे मांस सणावारी दिसायचे. इथे मजुरीच्या पैशांत ते दर आठवड्याला घेता येऊ लागले, तेव्हा इटलीत स्वतंत्रपणे खाल्ले जाणारे लहानसे पोल्पेत्ते, म्हणजे खिम्याचे गोळे, इथे मुठीएवढे झाले आणि स्पॅगेटीच्या डोंगरावर जाऊन बसले. दक्षिणेकडच्या वांग्याच्या पार्मिजानात, म्हणजे तळलेले काप, टोमॅटो सॉस आणि चीज यांचे थर लावून भाजलेल्या पदार्थात, वांग्याच्या जागी चिकन आले. रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलियो या हॉटेलवाल्यांनी केवळ लोणी आणि पार्मेजान चीजमध्ये घोळवलेली फेतुचिने, म्हणजे चपट्या फितींचा पास्ता, १९२० साली हॉलिवूडचे मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे जोडपे मधुचंद्राला गेले असताना खाऊन आले, तिची कीर्ती अमेरिकेत पोचली, आणि इथल्या स्वयंपाकघरांत तिच्यात क्रीम मिसळले गेले. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी ज्याची वर्षानुवर्षे चणचण सोसली ते हात सैल सोडून वाढले, त्याला मी भ्रष्ट म्हणू शकत नाही. मात्र आपल्याकडे मैदा आणि दूध घालून होणारा व्हाइट सॉस पास्त्याला लावतात, तो या दोन्ही घरांतला नव्हे. इटलीत तो सॉस लझान्यासारख्या भाजून करायच्या पदार्थांत थरांमध्ये जातो.

नोनांच्या घरी रविवारच्या टोमॅटो सॉसला ‘ग्रेव्ही’ म्हणत. ती सकाळी चढे आणि दुपारी उतरे, आणि ती कशी उकळली पाहिजे यासाठी नेपल्सच्या बोलीत खास शब्द आहे, पिप्पियारे. आपले खदखदणे वेगळे आणि रटरटणे वेगळे. पिप्पियारे म्हणजे रटरटण्याच्याही अलीकडचे, पृष्ठभागावर सावकाश एखादाच बुडबुडा फुटणे. आमच्याकडे मांस शिजत नाही, म्हणून माझा सॉस तासाभरात होतो. सोललेल्या टोमॅटोंचा ८०० ग्रॅमचा डबा, पाऊण वाटी ऑलिव्ह ऑइल किंवा ७० ग्रॅम लोणी, मधोमध चिरलेला एक कांदा, मीठ, आणि मंद आच. कांदा शेवटी काढून टाकायचा. सांगलीला हा सॉस ताज्या टोमॅटोंचा करताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात: टोमॅटो पूर्ण लाल आणि पिकलेले घ्यावेत, आणि उकळत्या पाण्यातून काढून, सोलून, बियांचे पाणी गाळून घ्यावे, नाही तर तो आटवता आटवता आंबट होतो. हळद, तिखट, धनेपूड यांतले काहीही नको. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास टोमॅटोवर चढतो, तेव्हा ऑलिव्ह ऑइल नसेल तर लोणीच बरे.

टोमॅटो सॉसमध्ये इटालियन लोक घालतात त्या बेसिलच्या पानांऐवजी तुळस चालेल का, हे हमखास विचारले जाते. तुळशीत लवंगेचा झणका असतो, तो इथे खटकतो. उन्हाळ्यात आपण ज्याचे बी सरबतात भिजवून घालतो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा आहे. वासात थोडा फरक असला तरी कुंडीतल्या सब्ज्याची चार कोवळी पाने सॉस उतरवल्यावर हाताने तोडून घातली तर काम होते.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरून करतात, आणि पेकोरिनो रोमानोत कोकराचे रेनेट असते. ते इटलीच्या नियमांतच आहे, त्यात पर्याय नाही. मला हे तीन वर्षांनी कळले आणि त्या दिवशी फार वाईट वाटले. नोनांना सांगितल्यावर त्यांनी शिळ्या पावाचा चुरा मागितला, चमचाभर तेलात लसणाबरोबर मंद भाजला, चिमूटभर मीठ घातले आणि पास्त्यावर पेरला. दक्षिणेकडच्या ज्या घरांना चीज परवडत नसे ती घरे हेच करत आली आहेत, असे त्या म्हणाल्या. तो कुरकुरीत, खमंग चुरा आमच्याकडे आता चीजपेक्षा लवकर संपतो. चीज हवेच असेल तर सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे चीज मिळते. लेबल वाचून घ्यावे.

ज्यांना एकच पदार्थ करून पाहायचा आहे, त्यांना मी पास्ता फझूल सुचवते. नेपल्सच्या बोलीत घेवड्याच्या वर्गातल्या दाण्यांना फासुले म्हणतात, त्यावरून इथले हे नाव आले. आपल्या वरणफळांची ही सख्खी बहीण आहे: डाळीऐवजी दाणे, कणकेच्या फळांऐवजी बारीक पास्ता, आणि दोन्ही एकाच पातेल्यात. दोन वाट्या शिजलेला पांढरा राजमा घ्यावा, त्यातला अर्धा डावाने ठेचावा. तेलात कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून दहा मिनिटे मऊ करावे, लसूण आणि दोन चिरलेले टोमॅटो घालावे, मग राजमा त्याच्या शिजवलेल्या पाण्यासकट आणि वर चार वाट्या पाणी. उकळी आली की १५० ग्रॅम बारीक पास्ता त्यातच सोडावा. इथे पाणी काढून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण सगळे सत्त्व पातेल्यातच राहते. पास्ता शिजत आला की गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि दहा मिनिटे हात लावू नये. या वेळात ते वरणफळांसारखे आळते. वाढताना वरून कच्च्या ऑलिव्ह ऑइलची धार आणि मिरपूड. दुसऱ्या दिवशी उरलेले घट्ट गोळा झालेले असते. ते मोकळे करताना गार पाणी घालू नये, कढत पाणी थोडे थोडे घालत मंद आचेवर हलवावे.