पैसा वेळापत्रकात दडलेला असतो

अमेरिकेत राज्याचं अंदाजपत्रक आटलं की स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या, बैठकीत तीच यादी पुन्हा पुढे येते. झेरॉक्सचा कागद मोजून द्या, सहली बंद करा, एसी दोन अंश वर ठेवा. दात कोरून पोट भरत नाही. तिथल्या सरकारी शाळांच्या चालू खर्चातला साधारण ८० टक्के वाटा पगार आणि त्याला जोडून येणाऱ्या विमा-पेन्शनचा असतो. उरलेल्या विसात कितीही काटकसर केली तरी हाती फारसं लागत नाही. कोणता शिक्षक कोणत्या तासाला किती मुलांसमोर उभा आहे, हे आधी पाहावं लागतं. म्हणजे वेळापत्रक उघडावं लागतं.

१,००० मुलांचं एक हायस्कूल धरू. दिवसाला ७ तास, शिक्षक त्यातले ५ घेतो, तुकडीत सरासरी २५ मुलं. १,००० मुलं गुणिले ७ तास म्हणजे रोज ७,००० जागा भरायच्या. एक शिक्षक ५ गुणिले २५, म्हणजे १२५ जागा सांभाळतो. भागाकार केला की ५६ शिक्षक लागतात. आता दिवस ६ तासांचा करा आणि शिक्षकाचे ५ तास तसेच ठेवा: ६,००० भागिले १२५, म्हणजे ४८. दिवसाला ४ लांब तास आणि शिक्षकाकडे त्यातले ३, अशी रचना केली तर ५३-५४. पटसंख्या तीच, तुकडीचा आकार तोच, आणि तरी ८ पगारांचा फरक. हे ८ पगार कुठल्याही बैठकीत वेगळे मंजूर झालेले नसतात; घंटेच्या वेळा ठरल्या तेव्हाच ते ठरून गेलेले असतात. ७ तासांत मुलांना संगीत, चित्रकला, जास्तीची भाषा घेता येते, त्यामुळे ती रचना चुकीची म्हणता येणार नाही. फक्त तिची किंमत माहीत असावी.

७ तास ठेवूनच सरासरी २५ वरून २७ वर नेली तर ५२ शिक्षकांत भागतं. कागदावर ४ जागा सुटल्या. पण सरासरी हा फार फसवा आकडा आहे. सकाळच्या इंग्रजीच्या तुकडीत ३२ मुलं कोंबलेली असतात आणि दुपारी एखाद्या ऐच्छिक विषयाला ९. दोन्हीकडे शिक्षकाच्या पगाराचा पाचवा हिस्सा खर्च होतो, म्हणजे त्या ९ मुलांवर माणशी साडेतीनपट. म्हणून सरासरीला हात लावण्याआधी सगळ्या तुकड्यांची यादी पटसंख्येच्या उतरत्या क्रमाने एका कागदावर काढावी आणि १५ च्या खालच्या तुकड्यांखाली रेघ मारावी. त्यातल्या काही राहणारच. बाकीच्यांसाठी ठरलेले उपाय आहेत: विषय एक वर्षाआड ठेवणं, भाषेची तिसरी-चौथी पातळी एकाच खोलीत बसवणं, शेजारच्या शाळेबरोबर शिक्षक वाटून घेणं.

हे काम वसंत ऋतूत, मुलांनी पुढच्या वर्षाचे विषय निवडले की लगेच करायचं. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर एक तुकडी मोडली तर त्या मुलांचे बाकीचे तासही हलतात आणि सुरुवातीचे आठवडे गोंधळात जातात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मोठे विषय आधी बसवणं. ज्या विषयाची शाळेत एकच तुकडी आहे, ते सगळे आधी वेगवेगळ्या तासांना बसवावेत. बॅण्ड, म्हणजे शाळेचा वाद्यवृंद, आणि भौतिकशास्त्र एकाच तासाला पडले की मुलाला दोन्हींतलं एक सोडावंच लागतं, आणि मग दोन्ही तुकड्या ओस दिसतात. शिवाय अनेक ठिकाणी जीवशास्त्राच्या शिक्षकाला रसायनशास्त्र देऊन मोकळं होता येत नाही, त्याच्याकडे शिकवण्याचा परवाना त्या विषयाचा लागतो. काही राज्यांत तुकडीची कमाल संख्याही वरूनच ठरलेली आहे. फ्लोरिडात २००२ पासून थेट राज्यघटनेतच मुख्य विषयांसाठी तिसरीपर्यंत १८, आठवीपर्यंत २२ आणि हायस्कूलला २५ अशी मर्यादा आहे.

मग छोटे वर्ग करावेत की नाही? टेनेसीत १९८५ ते १९८९ या काळात मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं १३ ते १७ च्या आणि २२ ते २५ च्या वर्गांत वाटली, आणि लहान वर्गातली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. ते पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये पहिल्या काही इयत्तांचे वर्ग २० वर आणायला राज्यभर एकदम पैसे दिले. हजारो नवे शिक्षक एका झटक्यात कुठून येणार? पूर्ण पात्रता नसलेले लोक भरले गेले, अनुभवी शिक्षक चांगल्या वस्तीतल्या शाळांकडे सरकले, आणि गरीब मुलांच्या शाळांना सर्वांत जास्त फटका बसला. टेनेसीच्या प्रयोगात शिक्षकांचा असा तुटवडा पडलाच नव्हता.

चार दिवसांचा आठवडा हे सध्याचं आवडतं औषध. प्रत्यक्षात बचत साधारण ०.४ ते २.५ टक्क्यांच्या घरात निघते, कारण शुक्रवारी बस आणि बॉयलर थांबतात, पगार थांबत नाहीत. एवढ्यासाठी मुलांचा एक दिवस देणं मला तरी परवडणारं वाटत नाही. बसच वाचवायच्या तर बॉस्टनकडे पाहावं. २०१७ मध्ये शेजारच्याच एमआयटी या विद्यापीठातल्या गणितज्ञांनी मार्ग नव्याने आखून दिले, सुमारे ६५० पैकी ५० बस कमी झाल्या आणि वर्षाला ५० लाख डॉलर सुटले. त्याच वर्षी त्याच मंडळींनी शाळांच्या घंटाही गणिताने लावायला घेतल्या. काही शाळा सव्वासातला भरवायचा बेत होता. पालकांचा असा काही भडका उडाला की डिसेंबर संपायच्या आत तो गुंडाळावा लागला. बस पाच मिनिटं उशिरा आली तर पालक चालवून घेतात, घरातल्या सकाळची घडी मोडलेली नाही चालत.

वेळापत्रकातून सुटलेला पैसा लावायचा कुठे, यावर मिसिसिपीचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत ते २०१३ साली ४९ व्या क्रमांकावर होतं, २०२४ मध्ये ९ व्या. २०१३ च्या कायद्याने सुरू झालेल्या या वाचनसुधारणेच्या कामाचा खर्च वर्षाला दीड कोटी डॉलरच्या आसपास, राज्याच्या शालेय खर्चात चिमूटभर. बालवर्गापासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वर्षातून तीनदा छोटी चाचणी. शिक्षकांना अक्षर-ध्वनीवर आधारलेल्या वाचनपद्धतीचं प्रशिक्षण, कारण चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवणं तिथेही मुरलेलं होतं. आणि सर्वांत मागे पडलेल्या शाळांत वाचन-प्रशिक्षक, ज्यांना राज्याने नेमलं, डिस्ट्रिक्टने नाही.

बाकीच्या राज्यांची नक्कल फसते ती या शेवटच्या मुद्द्यावर. प्रशिक्षकाने वर्गात स्वतः धडा घेऊन दाखवायचा असतो, मग शिक्षकाचा धडा पाहायचा आणि त्याच आठवड्यात बसून बोलायचं. मुख्याध्यापकाच्या हाताखालची जागा असली की आजारी शिक्षकाच्या जागी बदली म्हणून पहिला तोच पकडला जातो. मग परीक्षांचे गठ्ठे त्याच्याकडे, जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं ते त्याच्याकडे. शिक्षकांचं मूल्यमापनही त्यालाच करायला लावलं की संपलंच. अडचण उघडपणे सांगायला मग कोणी शिक्षक तयार होत नाही. नेमणुकीच्या कागदावरच लिहून घ्यावं: बदलीचे तास शून्य, मूल्यमापन नाही, आणि आठवड्याचा बहुतेक वेळ वर्गात.

मिसिसिपीत तिसरीअखेर नीट वाचता न येणाऱ्या मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याचा नियमही आहे, आणि त्यावर बराच वाद आहे. मुलाला फेरपरीक्षा मिळते, तरी जमलं नाही तर वर्ष पुन्हा. एकटा हा नियम उचलणं सर्वांत स्वस्त पडतं, म्हणून तोच उचलण्याचा मोह सर्वांत जास्त. पण पुन्हा बसवलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी त्याच पद्धतीने तेच शिकवलं, तर राज्याने त्या मुलाच्या शिक्षणाचं आणखी एक वर्ष पदरचं भरलेलं असतं आणि मूल होतं तिथेच असतं.